शून्याची तपासणी

विमानाच्या टपावर बोटभर जाडीची नळी,
तोंड वाऱ्याकडे.
खाली बर्फ, की गोठलेला समुद्र, की ढगच,
तीन तासांनी हे विचारावंसंही वाटत नाही.
मांडीवर संगणक, बोटं लोकरीत,
आणि पडद्यावर एकेक कण येतो.

येतो म्हणजे असा:
लेझरच्या धाग्यात शिरतो, तापतो,
पांढरा होऊन लखलखतो नि संपतो.
जेवढा उजेड, तेवढं त्याचं वजन.
एकदा जळून काजळी झालेलं
पुन्हा जळतं,
या वेळी साक्षीपुरतं.

हे मी हरविलासकाकांना सांगत होते,
जानेवारीत, लष्करात, दौलतगंजच्या वळणावर.
धुकं इतकं, की समोरचं दुकान आवाजावरून ओळखायचं.
भट्टीवर गुळाचा पाक, मागे मोगरीने तीळ कुटणारी पोरं,
ठक ठक, ठक ठक.
काका कढईवरून मान न उचलता म्हणाले,
"मग आमच्या भट्टीचाही असेल की एखादा, तिकडे?"

खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, नाही काका.
काजळी हवेत आठवडाभर जगते, फार तर दहा दिवस,
मग पाण्याबरोबर, हिमाबरोबर खाली.
तिथली बहुतेक येते उत्तरेतूनच,
पेटलेली रानं, तेलविहिरींच्या ज्वाळा, त्यांची त्यांची धुराडी.
तुमची गेलीच तर हिमालयापर्यंत.

त्यांचा चेहरा जरा उतरला.
चाळीस वर्षं इतका धूर केला
आणि धड ध्रुवालाही पोचला नाही.
मग म्हणाले, "हिमालयही काही वाईट नाही,"
आणि पावशेर गजक बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.
बर्फावर बसलेला एवढासा काळेपणा
किती ऊन पितो,
ते मी सांगितलं नाही.

आमची सरोजआत्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन पालथं धरायची,
रात्रभर, दोन विटांच्या आधाराने.
सकाळी बोटाने निपटून तूप घालायची.
नमुना गोळा करणं मी तिथेच शिकले;
अर्जात मात्र विद्यापीठाचं नाव लिहिलं.

दर अर्ध्या तासाला नळीला गाळणी लावते.
गाळलेल्या हवेत काही नसतं
आणि पडद्यानेही काही नाही म्हणायला हवं.
म्हणाला, तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास.
त्या दिवशी तीन हजार मीटरवर
गाळणी न लावताच आकडे थांबले.
एक मिनिट. दोन.
हवा एवढी निर्मळ,
की नळीच बर्फाने बुजली?
दोन्हींचं शून्य हुबेहूब सारखं.
वैमानिकाला म्हटलं, जरा खाली घे.
तो काही न बोलता खाली आला.
आणि चौथ्या मिनिटाला
एक कण. एकच. लखकन.

मला आनंद झाला.
लाज वाटते सांगायला, पण झाला.
काजळी दिसली म्हणून
कोणी असं हसतं का?

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेले,
वाटेत ते एका दगडातलं छोटं देऊळ,
शाळेत असताना सहलीला आणायचे
नि आम्ही फक्त डबे खायचो.
भिंतीवर फुलबागेचं माप कोरलंय: दोनशे सत्तर हात.
सत्तरातलं शून्य सातापेक्षा लहान,
जरा बिचकत बसल्यासारखं.
कोणीतरी छिन्नी धरून
काही नाही ते इतक्या निगुतीने कोरलं.
त्याला कोणी विचारलं असेल का,
खरंच काही नाही,
की तुझी छिन्नी अडली?

रखवालदार ओरडला, हात लावू नका.
लावला नव्हता.
तरी बोटाचं टोक काळं होतं,
गजकेच्या कागदाचं, की धुक्याचं,
की जिन्याच्या कठड्याचं.
मोजायला इथे काही नव्हतं.